गोळीबंद पाकाचे डोंगर, पिठाच्या पाण्याच्या नद्या : आइसलंडची लॉयगावेगुर वाट समजून घेताना

ह्राफ्नतिन्नुस्केर डोंगराच्या चढावर पायाखाली काच वाजते. खरोखरची काच. काळीभोर, चकचकीत, आणि कडेला इतकी धारदार की हातमोजा न घालता उचलायची भीती वाटावी. आसपास वस्ती नाही, रस्ता नाही. धुकं, जुन्या बर्फाचे पट्टे आणि त्यांच्या मधे दूरवर विखुरलेले हे काचेचे तुकडे. सह्याद्रीत वीसेक वर्षं भटकलेल्या माझ्या डोळ्यांना दगड म्हटला की काळा बसाल्टच ठाऊक. 'ज्वालामुखीचा दगड' या दोन शब्दांत किती निरनिराळ्या गोष्टी मावतात, ते मला त्या चढावर पहिल्यांदा कळलं.

लॉयगावेगुरला कधी जायचं, बॅगेत काय भरायचं, ही माहिती आता सहज मिळते. मला सांगायचंय ते तिथले डोंगर तसे का दिसतात. एक डोंगर गुलाबी, शेजारचा निळसर काळा, पलीकडचा हिरवागार सुळका आणि त्याच्या पायथ्याशी काळं वाळवंट, हे सगळं पन्नास-पंचावन्न किलोमीटरांत कसं काय आलं? याचं उत्तर फार अवघड नाही. दोनच प्रश्न विचारत चालायचं, म्हणजे बरीचशी वाट आपली आपल्याला वाचता येते.

(आइसलंडी नावं मला ऐकू आली तशी देवनागरीत लिहिली आहेत. त्या भाषेतले काही उच्चार आपल्या लिपीत नीट बसत नाहीत.)

वाट कुठून कुठे जाते

दक्षिण आइसलंडच्या निर्जन पठारी भागात लांडमन्नालॉयगर नावाची जागा आहे. तिथून दक्षिणेकडे थोर्समर्कच्या खोऱ्यापर्यंत सुमारे ५५ किलोमीटरची ही वाट. 'लॉयग' म्हणजे गरम पाण्याचा झरा किंवा कुंड आणि 'वेगुर' म्हणजे रस्ता. राजधानी रेक्याविकमधल्या मुख्य बाजाररस्त्याचं नावही हेच आहे. जुन्या काळी शहरातल्या बायका त्या रस्त्याने गरम झऱ्यांवर धुणं घेऊन जात.

बहुतेक लोक ही वाट चार दिवसांत चालतात. पहिले दोन दिवस साधारण बारा-बारा किलोमीटर, पुढचे दोन दिवस पंधरा-सोळा. मुक्काम ह्राफ्नतिन्नुस्केर, आउल्फ्तावात्न आणि एम्स्त्रुर इथे. तिथल्या झोपड्या फेर्दाफेलाग आइसलंड ही १९२७ साली स्थापन झालेली भटक्यांची संस्था चालवते. १९९७ पासून दर जुलैमध्ये याच वाटेवर एका दिवसाची शर्यत होते आणि तिथले सर्वांत वेगवान धावपटू चार तासांच्या आसपास हे सगळं अंतर पार करतात.

उंचीचे आकडे ऐकून आपल्याकडच्या ट्रेकरला हे काहीच वाटणार नाही. सुरुवात सहाशे मीटरच्या आसपास, सर्वांत उंच टप्पा हजाराच्या थोडा वर आणि शेवट दोनशे मीटरला. आपलं कळसूबाई १६४६ मीटर आहे. पण हे सगळं ६४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे हजार मीटरवर जुलैतही बर्फ असतो आणि कोणत्याही महिन्यात हिमवादळ येऊ शकतं. २००४ च्या जून अखेरीस एक पंचवीस वर्षांचा तरुण ह्राफ्नतिन्नुस्केरच्या झोपडीपासून अगदी थोड्या अंतरावर थंडीने गेला. त्याच्या आठवणीसाठी वाटेवर दगडांची रास रचली आहे. मी तिथे पोहोचलो तेव्हा धुकं इतकं दाट होतं की पुढची खूण दिसत नव्हती. त्या राशीपाशी आम्ही कुणी काही बोललो नाही.

पहिला प्रश्न : रस किती चिकट होता?

चिक्की किंवा पाकातले लाडू ज्यांनी केले आहेत, त्यांना ही गोष्ट चटकन कळेल. एकतारी पाक ताटात ओतला की आपोआप पसरतो. गोळीबंद पाक जिथे टाकाल तिथे गोळा होऊन बसतो. जमिनीखालून येणाऱ्या वितळलेल्या दगडाचंही तसंच आहे. फरक एवढाच की त्याला घट्ट करतं ते सिलिका, म्हणजे वाळूत आणि काचेत असतं तेच द्रव्य.

बसाल्टमध्ये सिलिका साधारण निम्मी असते आणि त्याचा रस अकराशे-बाराशे अंश सेल्सिअसला बाहेर येतो. हा आपला एकतारी पाक. तो वाहतो, पसरतो, दूरवर जातो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी महाराष्ट्रावर असाच पातळ बसाल्ट थरावर थर ओतला गेला. हरिश्चंद्रगडाकडे लांबून पाहिलं की कड्यात ज्या आडव्या पायऱ्या दिसतात, ते हेच थर. मधे मधे तांबडे पट्टे दिसतात. एक थर थंड होऊन पुढचा येईपर्यंत मधे जो काळ गेला, त्यात खालच्या दगडाची झिजून माती झाली आणि पुढच्या रसाने ती भाजली. म्हणून सह्याद्री आडवा दिसतो.

लांडमन्नालॉयगरचा दगड मात्र रायोलाइट आहे. त्यात सिलिका सत्तर टक्क्यांच्या वर असते आणि रस बाहेर पडतो तो बसाल्टपेक्षा कितीतरी थंड असताना. हा गोळीबंद पाक. तो वाहत नाही, ढकलला जातो. मुक्कामाच्या जागेपाशीच लॉयगाह्रॉयन नावाचं लाव्हाचं क्षेत्र संपतं, आणि 'संपतं' म्हणजे घरापेक्षा उंच अशा भिंतीसारखं उभं संपतं. पातळ लाव्हा असा कधी थांबत नाही. हा जेमतेम सरकत आला आणि जिथे ताकद संपली तिथेच गोठला. त्याच्या कडेखालून कढत पाणी झिरपतं, ते शेजारच्या गार ओढ्यात मिसळतं आणि त्याच पाण्यात लोक डुंबत बसतात. एका पायाला चटका आणि दुसऱ्याला गारवा, असं ते पाणी आहे. दोन्ही प्रवाह हाताने ढवळून आपल्याला सोसेल अशी जागा शोधावी लागते.

हा लाव्हा १४७७ सालच्या सुमाराचा. म्हणजे आपल्याकडे बहमनी राज्य होतं तेव्हाचा. तो कसा आला ही गोष्टही ऐकण्यासारखी आहे. टोर्फायोकुत्ल हा या भागातला मोठा ज्वालामुखी, आइसलंडमधलं सर्वांत मोठं रायोलाइटचं क्षेत्र. त्याच्या पोटात घट्ट रस आधीपासून पडून होता. ईशान्येकडच्या दुसऱ्या ज्वालामुखीतला गरम, पातळ बसाल्ट जमिनीखालच्या भेगेतून आडवा सरकत इथवर आला आणि या घट्ट रसाला भिडला. थंड पडलेल्या घट्ट पाकाखाली पुन्हा जाळ लावावा तसं झालं आणि तो वर आला.

आइसलंडमध्ये मुळात इतका लाव्हा का, तेही इथेच सांगतो. पृथ्वीच्या कवचाच्या दोन मोठ्या पट्ट्या या बेटाखाली एकमेकींपासून वर्षाला सुमारे दोन सेंटीमीटर दूर जातात. शिवाय खोलवरून वर येणाऱ्या उष्णतेचा झोतही नेमका याच बेटाखाली आहे. आपला दख्खनचा लाव्हाही अशाच एका झोताचा मानला जातो. तो झोत आता हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे, कारण मधल्या काळात भारतच उत्तरेकडे सरकला.

घट्टपणाचा आणखी एक परिणाम म्हणजे स्फोट. पातळ आमटी उकळताना बुडबुडे सहज फुटतात. घट्ट पिठलं रटरटायला लागलं की ते हातावर उडतं, कारण आतली वाफ अडकलेली असते. चिकट रसातही वायू असेच अडकतात आणि एकदम सुटतात.

काच आणि खडीसाखर

आता त्या काचेकडे. ह्राफ्नतिन्नुस्केर या नावातल्या 'ह्राफ्नतिन्ना'चा अर्थ डोमकावळ्याची गारगोटी. इंग्रजीत आणि आता मराठीतही आपण तिला ऑब्सिडियन म्हणतो. गंमत अशी की रासायनिकदृष्ट्या ही काळी काच आणि शेजारचा फिकट, गुलाबी-पिवळा रायोलाइट जवळजवळ एकच आहेत.

साखरेच्या पाकात दोरा सोडून भांडं दिवसचे दिवस हलवायचं नाही, म्हणजे दोऱ्याला खडीसाखरेचे खडे धरतात. तोच पाक आटवून गार ताटावर झटकन ओतला तर खडे धरायला वेळच मिळत नाही. पारदर्शक, कडक, मोडल्यावर धारदार असा पापुद्रा तयार होतो. साखर तीच, थंड होण्याचा वेग वेगळा. रायोलाइट सावकाश निवला की त्यात स्फटिक धरतात आणि तो फिकट, खरखरीत होतो. झटकन निवला की काच होते. ती काळी दिसते, कारण तिच्यात लोहयुक्त खनिजाचे अतिसूक्ष्म कण सगळीकडे विखुरलेले असतात आणि ते प्रकाश गिळतात. पातळ कपचा सूर्यासमोर धरला तर कडेला धुरकट तपकिरी उजेड दिसतो. मी तो धरून पाहिला आणि जागच्या जागी परत ठेवला. इथली काच नेणं मना आहे. लाखभर लोकांनी एकेक तुकडा उचलला तर 'काळ्या काचेचा डोंगर' फक्त नावात उरेल. रेक्याविकच्या राष्ट्रीय नाट्यगृहाच्या बाहेरच्या गिलाव्यात मात्र हा दगड बसवलेला आहे, तिथे तो मनसोक्त पाहता येतो.

रंगांचं काय? ब्रेन्निस्टेन्सआल्दा, म्हणजे 'गंधकाची लाट', नावाचा डोंगर पहिल्याच दिवशी वाटेवर आहे. एकाच उतारावर लाल, पिवळा, पांढरा, हिरवट, जांभळा. हा रंग मूळ दगडाचा कमी आणि नंतरच्या शिजण्याचा जास्त. जमिनीखालून आम्लयुक्त कढत वाफ हजारो वर्षं त्या दगडातून वर येत राहिली. तिने दगडातली खनिजं मऊ करून त्यांची चिकणमाती केली, लोहाला गंज चढवला तो लाल-केशरी, आणि वाफेच्या तोंडाशी गंधक साचलं ते पिवळं. पुढे स्तोरिक्वेर नावाच्या जागी ही वाफ आजही फूत्कारत वर येताना दिसते. कुकरच्या शिट्टीइतका आवाज आणि सडक्या अंड्यांचा वास. तिथल्या जमिनीवर हात ठेवला तर ती कोमट लागते, आणि चार पावलांवर बर्फ. रंगीत आणि ओलसर दिसणाऱ्या मातीवर पाय टाकायचा नाही, वरचा पापुद्रा पातळ असतो आणि खाली उकळतं पाणी. खुणेचे खांब सोडून जाऊ नका हे सांगण्याचं इथलं कारण हे आहे.

दुसरा प्रश्न : वर काय होतं, हवा की बर्फ?

दुसऱ्या दिवशी पठार संपतं आणि एक लांब उतार लागतो. या उताराच्या माथ्यावरून जे दिसतं, त्यासाठी मी ही वाट पुन्हा चालेन. मागे सगळे फिकट, भगवे-गुलाबी डोंगर. पुढे एकदम काळी जमीन आणि तिच्यातून वर आलेले हिरवेगार, टोकदार सुळके. मधे आउल्फ्तावात्नचं तळं. 'हंसांचं तळं' असा त्या नावाचा अर्थ. एका उतारावर अख्खा देश बदलल्यासारखा वाटतो. आणि खरंच बदललेला असतो: इथे टोर्फायोकुत्लचा रायोलाइट मागे पडतो आणि बसाल्टचं राज्य सुरू होतं.

पण हा बसाल्ट आपल्यासारखा आडवा का नाही? स्तोरासूला किंवा हातफेल हे सुळके पातळ पाकाचे असूनही इतके उभे कसे?

कारण ते उघड्यावर झालेच नाहीत. हिमयुगात आइसलंड शेकडो मीटर जाडीच्या बर्फाखाली होतं. त्या बर्फाच्या तळाशी ज्वालामुखी फुटला की आधी वरचा बर्फ वितळून पाण्याचा एक घुमट तयार व्हायचा. बाराशे अंशांचा रस त्या बर्फगार पाण्यात यायचा. तापलेला काचेचा ग्लास गार पाण्यात बुडवला तर जे होतं तेच त्या रसाचं व्हायचं. वाहण्याआधीच तो चुरा व्हायचा, काचेच्या बारीक कणांचा ढीग. भोवती बर्फाच्या भिंती असल्यामुळे हा चुरा पसरायचा नाही, साच्यात भरल्यासारखा उभाच साठायचा. पुढे गरम पाण्यामुळे ते काचकण एकमेकांना चिकटून तपकिरी दगड झाला. आइसलंडी लोक त्याला 'मोबेर्ग' म्हणतात. हिमयुग संपलं, साचा वितळून गेला आणि आतली मूर्ती उभी राहिली.

काही ठिकाणी ज्वालामुखी इतका वेळ चालला की डोंगर बर्फाच्या वर डोकावला. मग वरचा लाव्हा हवेत नेहमीसारखा पसरला. असे डोंगर खाली उभे आणि माथ्यावर सपाट, मेजासारखे दिसतात. तो माथा किती उंचीवर आहे हे मोजलं की त्या काळी तिथे बर्फ किती जाड होता याचा अंदाज बांधता येतो. मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते. हजारो वर्षांपूर्वी वितळून गेलेल्या बर्फाची उंची दगडाने लिहून ठेवली आहे.

पहिल्या दिवशी लांडमन्नालॉयगरहून दिसलेला ब्लाउनुकुर, 'निळं शिखर', हाही असाच. पण तो रायोलाइटचा. बर्फाखाली फुटल्यामुळे त्यात काचेचं प्रमाण जास्त, म्हणून त्याचा रंग शेजारच्या गुलाबी डोंगरांपेक्षा इतका वेगळा, निळसर काळा. दोन्ही प्रश्न लावले की तोही उलगडतो: रस चिकट, वर बर्फ.

सुळक्यांवरचा हिरवा रंग दगडाचा नाही, शेवाळाचा आहे. झऱ्यांच्या कडेला तो इतका झगझगीत पोपटी असतो की फोटोत खोटा वाटतो. लाव्हावरचं राखाडी-हिरवं शेवाळ मात्र गादीसारखं जाड आणि अतिशय हळू वाढणारं. त्यावर एकदा पाय पडला की ठसा वर्षानुवर्षं राहतो. आपल्याकडे पावसाळ्यात कातळावर आलेलं शेवाळ पुढच्या वर्षी पुन्हा येतं, त्यामुळे हे लक्षात यायला वेळ लागतो.

नदी कुठली आहे हे रंगावरून ओळखा

आइसलंडी भाषेत नद्यांचे तीन प्रकार मानतात. 'द्रागाउ', म्हणजे पावसाच्या आणि वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने वाहणारी. ती आपल्या ओढ्यांसारखी, पावसात फुगणारी. 'लिंदाउ', म्हणजे झऱ्याची. लाव्हातून गाळून आलेलं पाणी, बाराही महिने तेवढंच आणि आरशासारखं स्वच्छ. आणि 'योकुलाउ', हिमनदीतून निघणारी. ही तिसरी ओळखायला सर्वांत सोपी: पाणी दुधाळ, राखाडी.

तो रंग दगडाच्या पिठाचा. हिमनदी म्हणजे अतिशय सावकाश फिरणारं जातं. तिच्या तळाशी गोठून अडकलेले धोंडे खालच्या खडकावर घासत जातात आणि खडक दळला जातो. एम्स्त्रुरच्या मुक्कामाला मी अशा पाण्याची एक बाटली भरून रात्रभर उभी ठेवली. सकाळी तळाशी करडा थर बसला होता आणि वरचं पाणी तरीही गढूळच होतं. ते पीठ चिमटीत घेऊन चोळलं तर अंगाला लावायच्या पावडरसारखं लागलं. एक कणही बोटाला टोचला नाही. हे पाणी प्यायचं नसतं. प्यायला झऱ्याचं स्वच्छ पाणी वाटेवर जागोजागी मिळतं.

रंग ओळखण्याचा खरा उपयोग नदी पार करताना होतो. मोठ्या नद्यांवर पूल आहेत, पण काही ठिकाणी पाण्यात उतरावंच लागतं. ब्लाउफ्यात्लाक्वीस्ल ही त्यातली एक, आणि थोर्समर्कच्या अलीकडची थ्रोंगाउ दुसरी. बर्फ वितळून आलेलं पाणी दुपारी वाढतं आणि पहाटे सर्वांत कमी असतं, कारण रात्रीच्या गारठ्यात वितळणं मंदावतं. म्हणून अशी नदी सकाळी लवकर ओलांडायची. जिथे पात्र रुंद आणि पाणी फुटलेलं आहे तिथे उतरायचं. अरुंद जागा सोपी दिसते, पण तिथेच खोली आणि ओढ जास्त. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडून ठेवायचा, पडलं तर पिशवी फेकता आली पाहिजे. अनवाणी उतरायचं नाही, पट्ट्यांच्या सँडल हव्यात. काठी प्रवाहाच्या वरच्या बाजूला रोवायची.

पाण्यात पाय घातल्यावर पहिले काही क्षण फक्त गार लागतं. मग घोट्यांतून कळ निघते, हाडापर्यंत. त्यानंतर काहीच कळेनासं होतं, आणि खरी भीती तेव्हाची, कारण पाय दगडावर नीट पडला की नाही हे समजत नाही. आम्ही तिघांनी एकमेकांचे दंड धरून ती नदी ओलांडली. पावसाळ्यात आपल्याकडच्या ओढ्यांत जीव गेल्याच्या बातम्या दरवर्षी वाचतो. शंका आली तर थांबायचं, हा नियम तिथेही तोच आहे.

कात्ला

तिसऱ्या दिवशी काळ्या वाळवंटातून चालताना डावीकडे मिर्दाल्सयोकुत्लचं पांढरं टोपण दिसतं. बर्फाची ती एक शांत, मोठी चादर. तिच्याखाली कात्ला हा ज्वालामुखी आहे.

कात्लाच्या खड्ड्यात बर्फाची जाडी काही ठिकाणी सातशे मीटरपर्यंत जाते. तिथे स्फोट झाला की लाव्हा दिसायच्या आधी पूर येतो. वितळलेलं पाणी बर्फाखाली साठतं आणि एकदम सुटतं. या पुराला आइसलंडी शब्द आहे 'योकुलह्लॉयप', आणि जगभरचे भूशास्त्रज्ञ तोच शब्द वापरतात. १९१८ च्या ऑक्टोबरमध्ये कात्लाचा शेवटचा मोठा उद्रेक झाला. त्या पुराचा सर्वोच्च प्रवाह ॲमेझॉनच्या सरासरी प्रवाहापेक्षा जास्त होता, असा अंदाज आहे. त्याने इमारतींएवढे बर्फाचे तुकडे वाहून आणले आणि इतकी राख-वाळू समुद्रात टाकली की किनारा पुढे सरकला.

तो पूर वाटेच्या विरुद्ध बाजूला, आग्नेयेकडे गेला होता. पण त्याआधी पश्चिमेकडेही असे पूर आले आहेत. एम्स्त्रुरच्या मुक्कामापासून थोडं चालून गेलं की मार्कारफ्ल्योत नदीची घळ दिसते. खोली काही ठिकाणी दोनशे मीटरच्या आसपास. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका प्रचंड पुराचा ही घळ कोरण्यात मोठा वाटा होता असं मानतात. सांदण दरीत उभं राहून पाण्याने दगड कापायला किती काळ लागला असेल असा विचार आपण करतो. इथे काठावर उभं राहिल्यावर वेगळाच विचार येतो: यातलं बरंचसं काम काही दिवसांत झालं असेल.

वाटेवर जिथे ओघळीने मातीचा उभा छेद उघडा पडला आहे तिथे थांबून पाहा. तपकिरी मातीत काळ्या, करड्या, कधी पांढरट रेघा दिसतात. प्रत्येक रेघ म्हणजे एका उद्रेकाची राख. राखेच्या काचकणांतलं रसायन तपासलं की ती कुठल्या ज्वालामुखीची हे कळतं, आणि एका रेघेचं साल माहीत असलं की वरच्या-खालच्या थरांचा काळ लावता येतो. सिगुर्दुर थोरारिन्सन या आइसलंडी शास्त्रज्ञाने विसाव्या शतकात ही पद्धत उभी केली. आज ती जगभर वापरतात.

कात्ला गेली अनेक शतकं साधारण ४० ते ८० वर्षांच्या अंतराने जागी होत आली आहे आणि १९१८ ला आता शंभराहून जास्त वर्षं झाली. म्हणून तिथे कंपनं, पाण्यातले बदल, जमिनीची हालचाल यांवर रात्रंदिवस लक्ष असतं. धोका दिसला तर त्या भागातल्या मोबाइलवर संदेश येतो. तो आला की एकच करायचं: नदीपात्र सोडून उंच जागी जायचं. २०११ च्या जुलैमध्ये याच हिमटोपणाच्या पूर्वेकडून आलेल्या पुराने देशाच्या मुख्य महामार्गावरचा पूल वाहून नेला होता.

थोरचं रान आणि थोरची मुलं

चौथ्या दिवशी थ्रोंगाउ ओलांडून वर चढलं की अचानक झाडं लागतात. बर्चची, बुटकी, वाकडी, पानांना ओला गोडसर वास असलेली. चार दिवस एकही झाड न पाहिल्यावर त्या वासाने मला गलबलून आलं. माणसं नवव्या शतकात आइसलंडमध्ये आली तेव्हा बेटाचा मोठा भाग अशा बर्चनेच झाकलेला होता. लाकूडतोड आणि मेंढ्यांच्या चराईने तो गेला आणि मग उघड्या पडलेल्या हलक्या राखट मातीला वारा घेऊन गेला. थोर्समर्कमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मेंढ्यांना आळा घातला, म्हणून हे रान आज आहे. नावाचा अर्थच 'थोरचं रान'. थोर हा नॉर्स लोकांचा मेघगर्जनेचा देव.

खोऱ्याच्या दक्षिणेला एयाफ्यात्लायोकुत्ल उभा आहे. २०१० साली ज्याने युरोपची विमानं थांबवली तोच. त्याचे दोन उद्रेक शेजारी शेजारी ठेवले की आपले दोन्ही प्रश्न एकदम समोर येतात.

पहिला उद्रेक २० मार्चला सुरू झाला, दोन हिमटोपणांच्या मधल्या फिम्व्हर्दुहाउल्स खिंडीत. तिथे जाड हिमनदी नव्हती आणि रस पातळ बसाल्टचा होता. लाव्हाची कारंजी उडाली, ओघळ वाहिले, लोक चालत जाऊन जवळून पाहून आले. तो १२ एप्रिलला थांबला. दोनच दिवसांनी, १४ एप्रिलला, शिखरावर दुसरा उद्रेक झाला. इथे रस अधिक सिलिकाचा, अधिक चिकट, वायू कोंडलेला. आणि वर दोनशे मीटर बर्फ. परिणाम म्हणजे पिठासारखी बारीक राख, ९ किलोमीटरच्या आसपास उंच गेलेली, आणि त्या दिवसांत वारा नेमका युरोपकडे वाहत होता.

ती राख लाकडाच्या राखेसारखी नसते. ती काच असते, ह्राफ्नतिन्नुस्केरच्या चढावर पायाखाली वाजते तशीच, फक्त अतिसूक्ष्म. जेट इंजिनाच्या उष्णतेत ती वितळते आणि पात्यांवर जाऊन पुन्हा गोठते, हवेचा मार्ग बुजतो. म्हणून जवळपास आठवडाभर युरोपचं आकाश बंद राहिलं आणि सुमारे एक लाख उड्डाणं रद्द झाली. जो डोंगर उन्हात इतका सौम्य दिसतो, त्याच्याकडे पाहताना हा आकडा मनात बसायला वेळ लागतो.

बर्फ आणि आग यांचं नातं एवढ्यावरच थांबत नाही. हिमयुगाच्या शेवटी बर्फ वितळला तेव्हा आइसलंडमध्ये उद्रेकांचं प्रमाण कित्येक पटींनी वाढलं होतं. वरचं ओझं उतरलं की खोलवरचा तापलेला दगड कमी दाबामुळे जास्त वितळतो. आज हिमनद्या पुन्हा झपाट्याने आक्रसत आहेत आणि ओझं कमी झाल्याने देशाच्या मध्यभागातली जमीन काही ठिकाणी वर्षाला तीन सेंटीमीटरच्या आसपास वर येते आहे. सॅटेलाइटच्या मोजमापात हे स्पष्ट दिसतं.

जाणाऱ्यांसाठी थोडंसं

हंगाम साधारण जूनच्या शेवटापासून सप्टेंबरच्या पूर्वार्धापर्यंत. झोपड्यांची जागा कित्येक महिने आधी भरते. तंबू लावायचा तर फक्त झोपड्यांशेजारच्या नेमून दिलेल्या जागीच. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. उत्तरेकडून दक्षिणेकडे चाललं तर एकूण उतार जास्त पडतो. निघण्याआधी प्रत्येक झोपडीतल्या रखवालदाराशी दोन मिनिटं बोला, पुढच्या नदीचं पाणी आणि डोंगरावरचं हवामान त्यांना सर्वांत आधी कळतं. पावसाळी कपडे सह्याद्रीत चालतात तसले नकोत. तिथला पाऊस आडवा येतो आणि सोबत वारा असतो. कापसाचे कपडे ओले झाले की अंगातली ऊब काढून घेतात, म्हणून आत लोकर हवी.

आणि एक दिवस हाताशी असेल तर थोर्समर्कला थांबू नका. तिथून फिम्व्हर्दुहाउल्स ओलांडून स्कोगरच्या धबधब्यापर्यंत सुमारे २५ किलोमीटरची वाट आहे. माथ्यावर २०१० मध्ये जन्मलेली दोन विवरं लागतात, तांबूस-काळी, कडा अजून खडबडीत. खाली थोरचं रान आहे म्हणून त्यांना थोरच्या दोन मुलांची नावं दिली, माग्नी आणि मोउदी. तिथे दगड हातात घेतला तर तो बसाल्ट आहे, आपल्याच काळ्या कातळाचा भाऊबंद. फक्त त्यावर अजून माती नाही, शेवाळ नाही, आणि पावसाने त्याचा एकही कोपरा गुळगुळीत केलेला नाही.